जी-एचची कुळकथा

इंग्रजीत मुलीला ‘डॉटर’ म्हणतात. या शब्दाच्या स्पेलिंगात डी, ए, यू ही अक्षरे संपल्यावर आणि टी, ई, आर सुरू होण्याआधी जी आणि एच अशी दोन अक्षरे मधोमध ठाण मांडून बसलेली आहेत. त्यांचा उच्चार कोणी करत नाही. ती नसती तरी मुलगी ‘डॉटर’च राहिली असती. मराठी माध्यमातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी या दोन अक्षरांपायी हातावर पट्टी खाल्ली आहे, आणि ‘ती तिथे का आहेत?’ या प्रश्नाला ‘इंग्रजी भाषाच तशी आहे, पाठ करा’ यापलीकडे उत्तर फारसे कुणाला मिळालेले नाही.

गेली काही वर्षे हे जी-एचवाले शब्द वहीत उतरवून काढण्याचा मला नाद लागला. शब्दकोश घ्यायचा, शब्द टिपायचा, त्याचे जुने रूप आणि मूळ शोधायचे आणि तो कोणत्या रकान्यात बसतो ते ठरवायचे. पहिली काही पाने भरली तेव्हाच एक गोष्ट डोळ्यांत भरली. नाइट, लाइट, राइट, माइट, एट, हाय, नेबर, थॉट, लाफ, कफ, डो, प्लाउ, बाउ. म्हणजे रात्र, उजेड, उजवा, बळ, आठ, उंच, शेजारी, विचार, हसणे, खोकला, मळलेली कणीक, नांगर, फांदी. ही सगळी घरातली आणि शेतातली माणसे आहेत. लॅटिन-ग्रीकच्या दरबारातून आलेल्या भारदस्त शब्दांत जी-एचची जोडी जवळजवळ सापडतच नाही. ती आहे ती चुलीजवळच्या शब्दांत. हे काही योगायोगाने होत नाही.

इंग्रजी लिहायला रोमन लिपी आली ती ख्रिस्ती धर्मोपदेशकांबरोबर. इ. स. ५९७ मध्ये रोमहून ऑगस्टीन केंटमध्ये उतरला, त्यानंतरची ही गोष्ट. त्या वेळच्या इंग्रजीत एक घशातून खरवडून निघणारा ध्वनी होता. उर्दूतला नुक्तेवाला ख जसा उच्चारतात, साधारण तसा. जर्मन माणूस आजही रात्रीला ‘नाख्ट’ आणि मुलीला ‘टोख्टर’ म्हणतो, त्यातला ख. रोमन लिपीत या ध्वनीला अक्षर नव्हते, म्हणून जुन्या लेखनिकांनी नुसत्या एचवर भागवले. रात्र ‘निख्त’ अशी उच्चारली जाई आणि एन-आय-एच-टी अशी लिहिली जाई. लेखन आणि उच्चार यांत भांडण नव्हते.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढे फ्रेंच वळणात तयार झालेल्या लेखनिकांच्या हाती इंग्रजी गेली. त्यांना हा घशातला ध्वनी परका होता, आणि फ्रेंचमध्ये एच बहुधा मुकाच असल्याने तेवढ्या एका अक्षरावर त्यांचा विश्वास बसेना. मधल्या काळात ‘योख’ नावाचे, दिसायला तीनच्या इंग्रजी आकड्यासारखे एक देशी अक्षरही या कामाला जुंपलेले होते. ते हळूहळू मागे पडले आणि त्याच्या जागी जी आणि एच यांची जोडी स्थिर झाली. जी घशाची खूण, एच श्वासाची. विचार करून पाहिला तर उपाय वाईट नव्हता. १४०० मध्ये वारलेला कवी चॉसर ‘नाइट’ म्हणजे सरदार हा शब्द आरंभीच्या के-सकट आणि मधल्या जी-एचसकट, ‘क्निख्त’ असा उच्चारत असे. त्याच्या काळी यातले एकही अक्षर मुके नव्हते.

योखची एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. स्कॉटलंडमध्ये छापखाने आले तेव्हा खिळ्यांच्या पेटीत योख नव्हता. दिसायला जवळचा म्हणून तिथल्या मुद्रकांनी झेड लावला. त्यामुळे ‘मेन्झीस’ असे लिहिले जाणारे आडनाव जुने स्कॉटिश लोक ‘मिंगिस’ असे उच्चारतात, आणि ‘डालझिएल’ असे दिसणारे आडनाव ‘डीएल’ असे. पेटीत एक खिळा नसला म्हणजे माणसांच्या आडनावाचे काय होते, त्याचे हे उदाहरण.

आता वहीतला दुसरा रकाना. यात मी या शब्दांची संस्कृत भावंडे लिहिली आहेत. डॉटर आणि दुहिता. नाइट आणि नक्त. नक्तव्रत करणारे, म्हणजे दिवसभर उपास करून रात्री जेवणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. एट आणि अष्ट. फांदी या अर्थाचा ‘बाउ’ आणि बाहु. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खांदा असाही होता, आणि आपण सदऱ्याची बाही म्हणतो ती याच घरातली. ‘लाइट’ तर दोन आहेत. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण आया वेगळ्या. उजेड या अर्थाचा लाइट हा ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे या धातूचा भाऊ, आणि वजनाला कमी या अर्थाचा लाइट हा ‘लघु’चा. लघुचे प्राकृतात ‘लहु’ झाले, अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’ झाले, त्यातून आपले हळू आणि हलका आले.

या जोड्यांत जी-एच कुठे पडतो ते पाहावे. दुहितामध्ये त्याच्या जागी ह आहे. बाहुमध्येही ह. लघुमध्ये घ. नक्तमध्ये क, अष्टमध्ये ष आणि रुच् मध्ये च. म्हणजे इंग्रजीत जे अक्षर आज मुके आहे, तिथेच संस्कृतात एक धडधाकट व्यंजन उभे आहे. इंग्रजाने जी-एच टाकून दिला असता तर ‘डॉटर’ आणि ‘दुहिता’ यांचे नाते नुसत्या डोळ्यांना दिसले नसते. विशेष म्हणजे आपल्या मराठीत दुहितेचा वंश बोलण्यात राहिला नाही, आपण ‘मुलगी’ आणि ‘लेक’ यांवर भागवतो. पण गोव्यात कोकणी आई आपल्या मुलीला ‘धूव’ म्हणते. मधला ह मागे सरकून द ला चिकटला आणि द चा ध झाला. लंडनमध्ये ती दोन अक्षरे कागदावर उरली, मडगावात तो श्वास शब्दाच्या तोंडाशी जाऊन बसला.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडे व्याख्यानांत असल्या जोड्या फार टाळ्या घेतात आणि पुढचे वाक्य ठरलेले असते, की बघा, इंग्रजी संस्कृतातूनच निघाली. तसे नाही. दुहिता ही डॉटरची आई नव्हे, बहीण आहे. दोघींची आई त्याहून जुनी, लिपीच्या आधीची भाषा, जिचे एकही ओळीचे लेखन उरलेले नाही. बहीण आहे हे सिद्ध होते ते साम्यामुळे नव्हे, नियमितपणामुळे. लॅटिन-ग्रीकमध्ये जिथे क आहे तिथे इंग्रजी-जर्मनमध्ये ह किंवा ख येतो, हे एकदा नव्हे तर शब्दामागून शब्दांत दिसते. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे नियम मांडले. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला तो हाच. दुहिता म्हणजे दूध काढणारी, ही व्युत्पत्तीसुद्धा यास्काच्या निरुक्तात जे पर्याय दिले आहेत त्यांपैकी एक आहे. ऐकायला गोड, पण भाषेचे आजचे अभ्यासक ती मानत नाहीत.

या नात्याची जाहीर वाच्यता सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात केली, हे पाठ्यपुस्तकांत असते. त्याच्या दोनशे वर्षे आधी एका इंग्रज माणसाला गोव्यात बसून हे जाणवले होते, ते सहसा नसते. तो माणूस म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, आपल्या ख्रिस्तपुराणाचा कर्ता. विल्टशरमध्ये जन्मलेला, १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला. १५८३ च्या ऑक्टोबरात भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदले आहे. ते पत्र विसाव्या शतकापर्यंत छापले गेले नाही, त्यामुळे विद्वानांच्या जगाला त्याचा काही उपयोग झाला नाही. १६१६ मध्ये त्याचे मराठी ओवीबद्ध पुराण रोमन लिपीत छापले गेले. घ, ध, भ यांसारखे महाप्राण रोमन अक्षरांच्या साच्यात बसवताना त्याने जो विचार केला असेल, त्याचे मला फार कुतूहल वाटते. कारण स्टीफन्स लहान होता तेव्हा इंग्लंडात जी-एच अजून पुरता मेला नव्हता. तो जुना घशातला आवाज त्याच्या कानांनी घरात किंवा गावात ऐकलेला असणार. आणि तो गोव्यात ओव्या रचत होता त्या काळात तिकडे त्याच ध्वनीचे प्राण जात होते.

लंडनमधल्या सेंट पॉल शाळेचे मुख्याध्यापक अलेक्झांडर गिल यांनी १६१९ मध्ये इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमधून प्रसिद्ध केले. उच्चाराप्रमाणे लेखन दाखवताना या ध्वनीसाठी त्यांनी स्वतंत्र खूण योजली आहे. म्हणजे जुन्या वळणाच्या, शुद्ध बोलण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसांच्या तोंडी तो तेव्हाही होता. सामान्य लंडनकराच्या तोंडून तो त्याआधीच गेला होता. (गिल यांचा एक विद्यार्थी पुढे महाकवी मिल्टन म्हणून प्रसिद्ध झाला. मुख्याध्यापकांचा शुद्धतेचा आग्रह अगदीच वाया गेला नाही म्हणायचे.)

ध्वनी मेला तो मात्र दोन रीतींनी, आणि कोणत्या शब्दात कोणत्या रीतीने, हे बहुतांशी त्याच्या आधीच्या स्वरावर अवलंबून होते. आधी इ किंवा ए यांसारखा, जीभ पुढे नेणारा स्वर असेल तर जी-एचचा उच्चार टाळूजवळ, नुसत्या श्वासासारखा हलका होई. तो विरून गेला. नाइट, एट, वे, हाय यांत आज त्याचा मागमूस नाही, आणि या शब्दांत जी-एच कधीही फ होत नाही. आधी ओ किंवा उ यांसारखा, ओठ गोल करणारा स्वर असेल तर मात्र घशातला ख म्हणतानाही ओठ गोलच राहत, आणि गोल ओठांतून निघालेला तो श्वास हळूहळू ओठांवरच येऊन फ झाला. रफ, टफ, इनफ, कफ, लाफ. आरशापुढे उभे राहून ‘उख’ म्हणत म्हणत ओठ जवळ आणले तर हे स्वतःच्या तोंडात करून पाहता येते.

पण गोल स्वरानंतर सगळीकडेच फ झाला असेही नाही. काही गावांत फ झाला, काही गावांत लोप झाला, आणि लंडन हे सगळ्या गावांतून माणसे येणारे शहर. प्रमाण इंग्रजीने एक शब्द या गावाचा घेतला, एक त्या गावाचा. ‘डो’ म्हणजे कणीक. तिचाच उत्तरेकडचा उच्चार ‘डफ’, आणि त्या नावाचा एक उकडलेला गोड पदार्थ इंग्रजांच्या ताटात आजही असतो. मुलीलाही काही ठिकाणी ‘डाफ्टर’ म्हणत. शेक्सपियरच्या ‘किंग लियर’ नाटकातला विदूषक एका पद्यात ‘डॉटर’चे यमक ‘आफ्टर’शी जुळवतो, त्यामागे हेच आहे. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचे दो, थ्रू, थॉट, टफ, कफ, बाउ, थरो असे सात उच्चार होतात म्हणून जी चेष्टा चालते, तिचा अर्थ इतकाच की त्या चार अक्षरांत अनेक गावांची बोली एकत्र शिवली गेली. याच मालिकेत उचकीला जी-एच लावून ‘हिकप’ लिहितात तेवढे बाजूला ठेवावे. उचकीचा खोकल्याशी संबंध आहे अशा समजुतीने ते नंतर चिकटवलेले आहे.

नाइटमध्ये आणखी एक घडले. ‘निख्त’मधला इ ऱ्हस्व होता. ख गेला तेव्हा त्याची जागा भरून काढण्यासाठी स्वर लांबला, ‘नीत’ झाले. पंधराव्या शतकापासून इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांची जी मोठी उलथापालथ झाली, तीत ई चा आइ झाला आणि ‘नाइट’ जन्मली. व्यंजन गेले की स्वर लांबतो, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटायचे कारण नाही. आपली निम्मी भाषा याच वाटेने आली आहे. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. हस्त, हत्थ, हात. भक्त या शब्दाचा जुना अर्थ अन्न. त्यातला क गेला, आधी भत्त झाले, मग स्वर लांबून भात झाला. ‘निख्त’ची ‘नीत’ व्हावी तसाच अगदी. फरक एवढाच, की आपण उच्चार बदलला तसे लेखनही बदलत गेलो. इंग्रजांसारखे वागलो असतो तर आजही आपण ‘भक्त’ लिहून ‘भात’ वाचले असते, आणि शाळेत मास्तरांनी विचारले असते, काय रे, भातातला क कुठे आहे?

तो क आपण टाकला नाही, दुसऱ्या खोलीत ठेवला. आठही आपला आणि अष्टमीही आपली. हातही आपला आणि हस्ताक्षरही. संस्कृतातून तयार शब्द पुन्हा उचलून आणण्याची सोय आपल्याला होती, म्हणून रोजच्या शब्दाच्या अंगावर इतिहास वागवण्याची गरज पडली नाही. इंग्रजीला हे जमले नाही, कारण तिने पंडिती शब्द आणले ते लॅटिन-ग्रीकमधून, स्वतःच्या जुन्या इंग्रजीतून नव्हे. आठसाठी ती ‘ऑक्टो’ आणते, स्वतःचे जुने रूप परत आणत नाही. तेव्हा घरच्या शब्दांची जुनी ओळख उरली ती फक्त स्पेलिंगात.

आता खोट्या वारसदारांकडे वळू. विल्यम कॅक्स्टन हा इंग्लंडचा पहिला मुद्रक. आयुष्यातली सुमारे तीस वर्षे त्याने फ्लँडर्स आणि आसपासच्या प्रदेशात काढली, आणि १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला. जुन्या इंग्रजीत ‘गास्ट’ असलेला भूत या अर्थाचा शब्द त्याच्या पुस्तकांत जी नंतर एच घालून छापलेला आढळतो. फ्लेमिश भाषेत हा शब्द तसा लिहीत, आणि त्याच्या हाताला किंवा त्याच्या जुळारींच्या हाताला ते वळण पडले होते, असे मानतात. इथे एचला कसलाही उच्चार कधीच नव्हता. तरी ‘गोस्ट’ तसाच राहिला आणि भयंकर या अर्थाचा ‘गास्टली’ त्याच्या मागोमाग गेला. ‘डिलाइट’ तर फ्रेंच घरातला. त्यात जी-एच असण्याचे काही कारण नाही. सोळाव्या शतकात लोकांना वाटले की लाइट जसा, तसाच डिलाइट असणार, आणि त्यालाही ती जोडी बहाल झाली. गर्विष्ठ या अर्थाचा ‘हॉटी’ही मूळ फ्रेंच. जुन्या घरंदाज कुळाचे आडनाव शेजारच्यांनी लावून घ्यावे तसा हा प्रकार, आणि तो आपल्याकडेही कमी झालेला नाही.

परदेशातून आलेल्या जी-एचचा रकाना वेगळाच आहे. इटालियन लोक जीचा ज होऊ नये, ग च राहावा, म्हणून मध्ये एच घालतात. स्पॅगेटीत तो आहे, आणि व्हेनिसमध्ये १५१६ मध्ये ज्यूंना ज्या वस्तीत कोंडले तिच्या ‘गेट्टो’ या नावातही. अरबी ग़ूल म्हणजे प्रेते खाणारा पिशाच्च. तो अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला आणि त्यातला जी-एच अरबी ग़ैनसाठी आहे.

आणि मग घी, घाट, घडियाल, घेराव. इथे मात्र जी-एच म्हणजे सरळ आपला घ. ज्या इंग्रजाला घ म्हणता येत नाही त्याने तो लिहून मात्र बरोबर घेतला. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश प्रसिद्ध केला, त्यात या मंडळींची मोठी रांग आहे. गाडी या शब्दालाही त्यांनी जी-एच लावून ‘घॅरी’ करून ठेवले आहे. हिंदुस्थानी शब्द म्हणजे कुठेतरी एच हवाच, असा हिशेब असावा. घाटाची कथा जास्त रंजक आहे. आपला घाट म्हणजे डोंगर चढून जाण्याची वाट किंवा नदीकाठच्या पायऱ्या. बोरघाट, थळघाट, नाणेघाट. डोंगराला आपण सह्याद्री म्हणतो. वाटेचे नाव अख्ख्या डोंगररांगेला देण्याचे काम युरोपीय लोकांनी केले, आणि तेच नाव ‘पश्चिम घाट’ होऊन आपल्याच भूगोलाच्या पुस्तकात परत आले. आज मुले ते इतक्या सहजपणे लिहितात, की वाट कुठली आणि डोंगर कुठला हा भेद विचारणाऱ्याकडेच वर्ग चमकून पाहील.

इंग्रजी स्पेलिंगची खिल्ली उडवायची झाली की एक विनोद हमखास सांगतात. इनफमधल्या जी-एचचा फ, ‘विमेन’मधल्या ओचा इ, ‘नेशन’मधल्या टी-आयचा श, तेव्हा जी-एच-ओ-टी-आय असे लिहून ‘फिश’ वाचायला हरकत नाही. हा विनोद बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपतो. चार्ल्स ऑलियर या प्रकाशकाने १८५५ मध्ये ली हंट यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या मुलाची करामत म्हणून तो आलेला आहे. शॉ यांचा जन्म १८५६ चा. पण माझी तक्रार वेगळी आहे. हा विनोद इंग्रजी स्पेलिंगला नियम नाही असे भासवतो, आणि तो चालतो तो नियम मोडूनच. शब्दाच्या आरंभी जी-एच कधीही फ होत नाही. तिथे तो ग च. फ होतो तो ओ-यू किंवा ए-यू नंतर. टी समोर असेल तर लाफ्टर आणि ड्राफ्टसारखे थोडके अपवाद सोडता तो मुका. मुलांना एवढे तीन नियम दिले असते तरी पुष्कळ पट्ट्या वाचल्या असत्या.

जी-एच काढून टाकण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अमेरिकेत नांगराचा जी-एच गेला आणि तिथे डब्ल्यू आला. १९०६ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशावर स्पेलिंग सोपे करणारे एक मंडळ निघाले. त्याने तीनशे शब्दांची यादी केली, तीत दो, थ्रू, थरो यांचे जी-एच छाटले होते. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच ऑगस्टात सरकारी छापखान्याला ही यादी वापरण्याचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी टवाळी केली, डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने विरोध नोंदवला, आणि हुकूम मागे घ्यावा लागला. ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकाने १९३४ पासून स्वतःची छाटलेली स्पेलिंगे चालवून पाहिली आणि १९७५ मध्ये हात टेकले. कारण साधे आहे. इंग्रजी ही एका सरकारची भाषा नाही. लंडनने मानावे आणि न्यूयॉर्कने मानू नये, म्हणजे पुस्तके दोन्हीकडे नासायची. शिवाय जी-एच गेला की ‘राइट’ या एका उच्चाराचे, ‘साइट’चे, ‘वेट’चे वेगवेगळे अर्थ डोळ्यांना ओळखता येत नाहीत. कानाला ते तसेही येत नाहीत, पण वाचताना डोळा कानापेक्षा घाईत असतो.

आपल्याकडे मात्र अशी छाटणी झाली आणि ती टिकली. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले. १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. त्यांतला सर्वांत दूरगामी नियम अनुच्चारित अनुस्वारांचा. नांव, गांव, पांच, दांत, कांटा, घरें, केलें, तूं यांच्या डोक्यावरचे टिंब गेले. ही टिंबे म्हणजे आमचे जी-एच. दांतवरचे टिंब ‘दन्त’मधला न होता, पांचवरचे ‘पञ्च’मधला ञ, कांट्यावरचे ‘कण्टक’मधला ण आणि नांववरचे ‘नाम’मधला म. ‘तीं’वरचे टिंब तर व्याकरणाचे काम करत होते, ‘ती’ म्हणजे ती बाई आणि ‘तीं’ म्हणजे ती मुले किंवा ती घरे, हे लिहिताना तरी वेगळे होते.

मी त्या छाटणीच्या बाजूचा आहे. ज्या मुलाच्या बोलीत नाकातला उच्चारच नाही, त्याला टिंब कुठे द्यायचे ते पाठ करायला लावणे म्हणजे त्याच्याकडून दुसऱ्या कुणाच्या आजोबांची वंशावळ घोकून घेणे होते, आणि शाळेत पहिल्यांदाच आलेल्या घरांतल्या मुलांवर तो भार अधिक पडे. पण आम्ही बोलतो तसे लिहितो, ही जी फुशारकी आपण इंग्रजीसमोर मारतो ती मला मान्य नाही. चार आणि चारा यांतले च वेगळे आहेत, लिहिताना एक. ऋषी लिहितो, रुषी म्हणतो. श आणि ष बहुतेकांच्या तोंडी एकच. ऱ्हस्व-दीर्घ तर मोडीत इ-उच्या बाबतीत नव्हतेच, आणि तिच्यात राज्यकारभार चालला. ते बालबोधीबरोबर शाळेत आले आणि आजही निम्मे गुण खातात. टिंबे गेल्याची एक किंमतही आपण मोजतो, ती मुकाट्याने. मोल्सवर्थचा कोश, १८३१ चा, १८५७ ची सुधारलेली आवृत्ती. त्यात आजचा विद्यार्थी ‘काटा’ शोधायला गेला तर त्याला ‘कांटा’ या रूपाशी जाऊन पोचावे लागते, आणि ते टिंब तिथे का, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. एकोणिसाव्या शतकातले कोणतेही मराठी पुस्तक उघडले की त्याला ती चुकीची टिंबे वाटतात. शिकवताना एक तास, फक्त एक तास, या टिंबांना दिला तर ती पुस्तके पुन्हा त्याची होतील. जी-एचला इंग्रजीच्या वर्गात तेवढाच वेळ पुरेल.

आणि ज्याला आपण मुके म्हणतो ते सगळीकडे मुके नाही. चित्पावनी बोलीत आणि गोव्याच्या कोकणीत ते नाकातले टिंब अजून स्वच्छ ऐकू येते. ‘केलें’ तिथे केलेंच असते, ‘दांत’ दांतच. तिकडे स्कॉटलंडमध्ये जुन्या वळणाची माणसे आजही रात्रीला ‘निख्त’ आणि मुलीला ‘डोख्तर’ म्हणतात. फक्त त्यांच्या बोलीत ते शब्द लिहायचे झाले तर ती जी-एच लिहीत नाहीत. सी-एच लिहितात.